कामगारांचे कैवारी कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे

महात्मा जोतीराव फुले ह्यांच्या सहकाऱ्यांत ज्यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते, त्या कै. रावबहादुर नारायण मेघाजी लोखंडे ह्यांचे चरित्र आपल्या ज्ञातीत सर्वांस ठाऊक आहे असे आपण गृहीत धरून चालतो. प्रत्यक्षात रविवारची सुट्टी ज्यांनी मिळवून दिली ते लोखंडे, ह्यापलीकडे बहुतेकांची माहिती जात नाही. ही ओळख खोटी नाही, पण फार तुटपुंजी आहे. एका जिल्ह्यात हातांना काम नाही आणि चार दिवसांच्या वाटेवरील शहरात कामाला माणसे हवी आहेत, अशी स्थिती देशात उत्पन्न झाली म्हणजे पहिल्याच्या दैन्यावर दुसऱ्याची भरभराट कशी उभी राहते, हे ज्यांनी जवळून पाहिले आणि त्याविरुद्ध जे सर्वांच्या आधी उभे राहिले, ते लोखंडे होत. प्रस्तुत लेखात त्यांचे चरित्र ह्याच बाजूने सांगण्याचे योजिले आहे.

लोखंडे ह्यांचे घराणे मूळचे पुणे जिल्ह्यातील कन्हेरसरचे. त्यांचा जन्म १८४८ साली एका गरीब फुलमाळी कुटुंबात झाला व बालपण ठाण्यास गेले. ते पाच वर्षांचे असताना, १८५३ च्या एप्रिल महिन्यात, बोरीबंदरापासून ठाण्यापर्यंत हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी धावली. मॅट्रिकपर्यंतचे शिक्षण झाल्यावर घरच्या ओढग्रस्तीमुळे त्यांस पुढे शिकता आले नाही. त्यांनी प्रथम रेल्वेत, नंतर टपालखात्यात आणि त्यापुढे मुंबईच्या मांडवी गिरणीत स्टोअरकीपर म्हणून नोकरी केली. ह्या तीन नोकऱ्यांचा क्रम चरित्रलेखक एका ओळीत उरकतात. मला मात्र त्यात पुष्कळ अर्थ दिसतो. रेल्वे माणसाला गावाहून शहरात आणीत होती, गिरणी त्याचे श्रम घेत होती आणि टपालखाते त्याची चिठ्ठीचपाटी गावी पोहोचवीत होते. १८८० पासून तर मनीऑर्डरीने त्याचे पैसेही तेच नेऊ लागले. गाव आणि मुंबई ह्यांना बांधणाऱ्या ह्या तिन्ही दोऱ्या लोखंडे ह्यांच्या हाताखालून गेल्या होत्या. पुढे ते गिरणीकामगारांविषयी लिहू-बोलू लागले, तेव्हा ते ऐकीव माहितीवर बोलत नव्हते.

त्या काळच्या मुंबईचे चित्र डोळ्यांसमोर आणले पाहिजे. कावसजी दावर ह्यांनी स्थापन केलेली पहिली कापड गिरणी १८५६ मध्ये ताडदेवास सुरू झाली. पुढे अमेरिकेत यादवी युद्ध पेटले आणि १८६१ ते १८६५ ह्या काळात कापसाच्या व्यापारात मुंबईने अमाप पैसा मिळविला. युद्ध संपताच भाव कोसळले, पेढ्या बुडाल्या. तथापि गिरण्यांची वाढ थांबली नाही. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या पावणेआठ लाखांच्या घरात गेली होती. त्यांपैकी सव्वा लाखाच्या आसपास माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती, म्हणजे शहरातील दर सहा माणसांत एक. पुढे १९११ च्या खानेसुमारीत तर गिरणीकामगारांपैकी जवळजवळ निम्मे रत्नागिरीचे भरले, आणि खुद्द मुंबईत जन्मलेले शेकडा अकराच्या आतच निघाले.

रत्नागिरीच का, असा प्रश्न साहजिक आहे. पाऊस तेथे भरपूर. पण जमीन डोंगरउताराची आणि कातळाची. भातखाचरे थोडी, बाकी वरकस जमिनीत नाचणी-वरी पिकवायची. त्यावर खोताचा वाटा. घरातील धाकट्या भावांना जमीन पुरत नाही. पूर्वी पलटणीत भरती होऊन कोकणातील मराठे व महार आपल्या घरी पगार पाठवीत असत. इंग्रज सरकारने उत्तरेकडील जातींकडे भरतीचा मोहरा वळविला आणि १८९० नंतर महारांसाठी तर तो दरवाजा बंदच झाला. उरली ती आगबोट. बंदरातून ती सुटे आणि मुंबईच्या धक्क्यावर माणसे उतरवी. जिल्ह्यात रेल्वे नव्हती, कारखाना नव्हता. परंतु समुद्रमार्गे मुंबई जवळ होती. जी गाव सोडण्याइतकी गरिबी आणि जे सहज जाता येईल इतके अंतर, ती दोन्ही एकत्र आली की माणूस हलतो. नुसत्या गरिबीने तो हलत नाही, हे दूरच्या अनेक दरिद्री मुलखांकडे पाहिले म्हणजे ध्यानात येते.

घाटावरची कथा निराळी. पुणे, सातारा, अहमदनगर ह्या भागांत दुखणे पाण्याचे आणि कर्जाचे. कापसाची तेजी ओसरल्यावर शेतकऱ्यांच्या हाती सारा आणि सावकाराचे खत एवढेच उरले. १८७५ च्या मे महिन्यात भीमथडी तालुक्यातील सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, आणि ते लोण भोवतालच्या गावांत पसरले. त्यापाठोपाठ १८७६ ते १८७८ चा भीषण दुष्काळ आला. बोरघाटातून रेल्वे १८६३ मध्येच सुरू झाली होती. दुष्काळाने हलविलेली माणसे त्या वाटेने खाली उतरली. कोकणी आणि घाटी अशी दोन नावे गिरणगावात रूढ झाली ती ह्यामुळे.

येथे ज्ञातीच्या दृष्टीने एक गोष्ट स्पष्टपणे नोंदविणे मला आवश्यक वाटते. गिरण्यांत मोठा भरणा होता तो कुणबी-मराठ्यांचा, त्यांच्या जोडीला महार आणि मुसलमान. माळी त्यात फारसा नव्हता. विहिरीचे पाणी, भाजीपाला, फुले आणि जवळची बाजारपेठ ह्यांचा आधार ज्यास होता तो माळी दुष्काळातही काही काळ तग धरून राहू शकला. पुढे सासवडच्या माळ्यांनी नीरेच्या कालव्यांचे पाणी धरून उसाची शेती वाढविली आणि १९३० नंतरच्या दशकात माळीनगरचा साखर कारखाना उभा केला, हा अभिमानाचा इतिहास आपण वारंवार सांगतो. पण पाणी पोहोचले तेथे मजूर येतो आणि पाणी नाही तेथून मजूर जातो, हा त्याच इतिहासाचा दुसरा भाग आहे, आणि तो सांगण्यात आपण मागे पडतो. लोखंडे ह्यांनी आयुष्य वेचले ते आपल्या जातीतल्या माणसांसाठी नव्हे, इतरांच्या घरच्या माणसांसाठी. त्यांना ज्ञातिभूषण म्हणताना हे विसरता कामा नये.

जोतीरावांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि लवकरच मुंबईतही समाजाचे काम सुरू झाले. तेथील आधारस्तंभ पाहू गेल्यास व्यंकू बाळोजी काळेवार, जाया कराडी लिंगू, रामय्या व्यंकय्या अय्यावारू अशी तेलुगू नावे आढळतात. हे कामाठी समाजातील कंत्राटदार. निजामाच्या मुलखातून त्यांचे लोक मुंबईच्या इमारतींवर राबावयास आले होते. परमुलखातून आलेल्यांचे दुःख परमुलखातून आलेल्यांनाच आधी कळावे, ह्यात नवल नाही. कृष्णराव भालेकर ह्यांनी १ जानेवारी १८७७ रोजी पुण्यास सुरू केलेले दीनबंधु हे पत्र पैशांअभावी बंद पडले होते. ते १८८० मध्ये मुंबईस आणून लोखंडे ह्यांनी आपल्या संपादकत्वाखाली पुन्हा चालू केले. त्यासाठी त्यांनी गिरणीतील नोकरी सोडली. अक्षरशत्रू असलेल्या कामगारवर्गासाठी पत्र काढून कोणाचा संसार चालत नाही, हे त्यांना ठाऊक नसेल असे म्हणवत नाही.

जोतीरावांचा शेतकऱ्याचा असूड १८८३ मधला. त्याची आरंभीची दोन प्रकरणे दीनबंधुत प्रसिद्ध झाली. पुढील मजकूर छापण्यास लोखंडे धजले नाहीत आणि जोतीरावांनी त्याबद्दल आपली नाराजी लेखी नमूद करून ठेविली. लोखंडे ह्यांच्या गौरवग्रंथांतून हा प्रसंग बहुधा गाळला जातो. गाळण्याचे कारण नाही. सरकारचा रोष ओढवून पत्रच बंद पडेल ही संपादकाची धास्ती समजण्यासारखी आहे, आणि गुरूचा संतापही. ह्या मतभेदानंतरही दोघांचे कार्य एकाच दिशेने चालू राहिले. जोतीराव शेतात नाडला जाणारा माणूस पाहत होते. तोच माणूस गाव सोडून गिरणीच्या दरवाज्याशी उभा राहिला म्हणजे त्याचे काय होते, ते लोखंडे पाहत होते.

काय होत होते? गिरणीत तेव्हा विजेचे दिवे नव्हते. सूर्य उगवण्याच्या सुमारास काम सुरू होई आणि मावळताना थांबे. उन्हाळ्यात हा दिवस तेरा-चौदा तासांचा भरे. आठवड्याची सुट्टी ठरलेली नसे, आणि रविवारी यंत्रे पुसण्यासाठी पुन्हा बोलावणे असेच. कामावर घेणे व काढणे हे मुकादमाच्या हाती; तो बहुधा आपल्याच गावाकडची माणसे आणी, त्यांना खोली मिळवून देई, वाण्याकडे उधारीची ओळख करून देई आणि त्याबद्दल दस्तुरी घेई. महारांना साच्यावर, म्हणजे विणकामावर, घेतले जात नसे. धोट्यातील सूत तोंडाने ओढावे लागे आणि तेथे विटाळ आडवा येई. जास्त पगार साच्यावरच होता. म्हणजे गावच्या उतरंडीने मुंबईतही माणसाच्या श्रमाचा भाव ठरत होता.

ह्या सर्वांहून कामगारास जास्त जाचणारी गोष्ट पगाराची होती. पगार महिनाअखेर हाती पडत नसे. तो मागे ठेवला जाई आणि पुढला महिना पुष्कळ उलटल्यावर मिळे. ह्याचे इंगित कामगाराच्या गावाकडच्या ओढीत आहे. पेरणी आली, लग्न निघाले, घरी कोणी आजारी पडले की कामगार आगबोटीत बसे. तो असा न सांगता गेला तर अडकवून ठेविलेला पगार बुडे. गावाशी असलेले त्याचे नाते मालकास एका हाताने नको होते आणि दुसऱ्या हाताने हवे होते. नको अशासाठी की माणूस टिकत नाही. हवे अशासाठी की बायकामुले गावी राहिल्याने कुटुंबाचा सगळा भार गिरणीच्या पगारावर पडत नाही. म्हातारपण आणि दुखणे गावाने सोसावे, तारुण्य गिरणीने घ्यावे, अशी ही वाटणी होती. त्या काळी मुंबईत हजार पुरुषांमागे स्त्रियांची संख्या सहाशेच्या आसपास होती, ह्या एका आकड्यात कोकणातल्या हजारो घरांची कहाणी आली. तिकडे स्त्रिया शेत राखीत होत्या आणि इकडे दहा-दहा पुरुष एका खोलीत पाळीने झोपत होते. पगार लांबला की वाण्याची उधारी वाढे, व्याज वाढे, आणि गावी जाणारी मनीऑर्डर तेवढी लहान होई.

१८८१ मध्ये पहिला कारखान्यांचा कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांस कामावर घेऊ नये आणि बारा वर्षांपर्यंतच्या मुलांकडून नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, असे त्यात होते. प्रौढ स्त्री-पुरुषांविषयी त्यात काही नव्हते. कायदा अपुरा आहे अशी ओरड झाल्यावर मुंबई सरकारने १८८४ मध्ये एक कमिशन नेमले. ही संधी लोखंडे ह्यांनी साधली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात परळच्या सुपारीबागेत त्यांनी गिरणीकामगारांची सभा भरविली, बॉम्बे मिल हँड्स असोसिएशन ह्या संस्थेची स्थापना केली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार केले. दर रविवारी सुट्टी असावी. दुपारी अर्धा तास विसावा मिळावा. सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच काम चालावे. मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या १५ तारखेच्या आत मिळावा. आणि कामावर जायबंदी झालेल्यास बरा होईपर्यंत पगार व कायमचा निकामी झाल्यास निर्वाहाची तजवीज असावी, अशा त्या मागण्या. पगारवाढीची मागणी त्यांत नाही, हे पाहून आजच्या वाचकास आश्चर्य वाटेल. परंतु एका कामगाराच्या जागी चार उमेदवार बंदरावर उतरत असताना वाढीव पगार मागून टिकणार कसा? वेळेचा आणि तारखेचा हक्क मात्र मागता येतो, आणि एकदा मिळाला तर तो नव्याने येणाऱ्यासही लागू होतो. लोखंडे ह्यांच्या व्यवहारज्ञानाची ही साक्ष आहे.

ह्या संस्थेस वर्गणीदार नव्हते, निधी नव्हता, नियमावली नव्हती. म्हणून ती खरी कामगार संघटना नव्हेच, असा आक्षेप अभ्यासकांनी पुढे घेतला आहे. आक्षेप वस्तुस्थितीस धरून आहे. पण ज्या कामगाराचा पाय गावात अडकलेला, ज्याचा पगार महिना-महिना मागे, त्याच्याकडून नियमित वर्गणी कोणी आणि कशी गोळा करावी? हिंदुस्थानात गिरणीकामगारांनी आपल्या नावाने सरकारपुढे आपले गाऱ्हाणे मांडले, ते ह्या माणसामुळे.

विरोध मालकांचाच होता असे नाही. मँचेस्टरच्या कापड गिरणीवाल्यांस मुंबईची स्पर्धा नकोशी झाली होती आणि तेही हिंदुस्थानात कडक कायदा व्हावा म्हणून विलायतेत खटपट करीत होते. साहजिकच पुण्या-मुंबईच्या राष्ट्रीय बाण्याच्या पत्रांस कारखान्यांचा कायदा म्हणजे देशी धंदा बुडविण्याचा डाव वाटे. त्यांचा संशय निराधार नव्हता. परंतु देशी धंदा जगवावयाचा तो कोणाच्या घामावर, हा प्रश्न त्या पत्रांत फारसा आढळत नाही. मालक म्हणत की आमचे कामगार वर्षाकाठी महिना-दीड महिना गावी जातात, मनास येईल तेव्हा खाडे करतात, त्यांस आठवड्याची सुट्टी कशाला? जणू काही शेतात नांगर धरणे म्हणजे विश्रांतीच! शिवाय मुंबईपुरताच कायदा केला तर इतर शहरांतील गिरण्या वरचढ होतील, ही भीती होतीच. अहमदाबादेत १८६१ पासून गिरणी चालू होती; १८७७ मध्ये नागपुरास टाटांची एम्प्रेस मिल आणि सोलापुरास पहिली गिरणी निघाली. कापूस जवळ, मजूर स्वस्त. सोलापुरास दुष्काळी मुलूख आणि तेलुगू विणकर दोन्ही हाताशी असल्याने तेथील मजुरी मुंबईहून बरीच कमी असे. म्हणूनच कायदा सर्व ब्रिटिश हिंदुस्थानास लागू व्हावा लागला. संस्थाने मात्र त्याबाहेर राहिली. आजही एका प्रांतात मजुरी किंवा वीज महाग झाली की कारखाना शेजारच्या प्रांताकडे पाहू लागतो, तो ह्याच न्यायाने.

निवेदनानंतर सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या शर्यतीच्या मैदानाजवळ लोखंडे ह्यांनी जी सभा बोलाविली तिला सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन स्त्री-कामगारांनी तेथे भाषणे केली. ज्या काळी सुशिक्षित घरांतील स्त्रिया सभेत क्वचित दिसत, त्या काळातील ही गोष्ट. रविवारच्या सुट्टीचा अर्ज मालकांच्या संघाकडे गेला आणि १० जून १८९० रोजी संघाने तो मान्य केला. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने नेमलेल्या कमिशनबरोबर कामगारांच्या बाजूने काम करण्यास लोखंडे ह्यांस घेण्यात आले. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी आणि दुपारचा अर्धा तास विसावा देशभर कायम झाला, स्त्रियांच्या कामावर अकरा तासांची मर्यादा आली आणि मुलांचे वय व तास सुधारले. पुरुष कामगारांच्या तासांस मर्यादा पडण्यास १९११ साल उजाडावे लागले.

इतर कार्याचा येथे ओझरता उल्लेख पुरे. १८९० मध्ये विधवांचे केशवपन करणार नाही असा निश्चय मुंबईच्या नाभिक बांधवांनी केला, त्यामागे लोखंडे ह्यांची प्रेरणा होती. १८९३ च्या ऑगस्टात मुंबईत हिंदु-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, तेव्हा दोन्ही समाजांतील कामगारांत सलोखा व्हावा म्हणून त्यांनी अतोनात श्रम केले व राणीच्या बागेत सभा भरविली. १८९५ मध्ये सरकारने त्यांस रावबहादुर ही पदवी दिली.

१८९६ च्या पावसाळ्याअखेर मांडवी भागात प्लेग निघाला. रोग्यास उचलून नेणारी सरकारी पथके आणि रोगाचे भय ह्या दोहोंनी शहर हादरले. लोखंडे ह्यांनी गोरगरीब रुग्णांसाठी मराठा हॉस्पिटल उघडले व तेथे स्वतः शुश्रूषेत राबले. त्यातच त्यांस प्लेगने गाठले आणि ९ फेब्रुवारी १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. वय पन्नाशीच्या आतच.

त्यांच्या मृत्यूच्या त्या आठवड्यांत मुंबईत एक विलक्षण प्रकार चालला होता. शहराची जवळजवळ निम्मी वस्ती पळाली होती. कोकणच्या आगबोटी आणि घाटाच्या गाड्या भरभरून परत चालल्या होत्या. गिरण्या अर्ध्या रिकाम्या; यंत्रे उभी. मग मालकांची माणसे नाक्यानाक्यावर उभी राहून हाती लागेल त्या कामगारास एकमेकांवर चढ करून बोली लावू लागली. महिनाभर पगार अडकवून ठेवणाऱ्या त्याच गिरण्या संध्याकाळी रोजच्या रोज रोख मजुरी मोजू लागल्या, कारण उद्याचा भरवसा धरून कोणी थांबावयास तयार नव्हते. मालकांच्या संघाने रोजमजुरी बंद करण्याचा प्रयत्न केला, पण गरजवंत गिरण्यांनी तो मानला नाही. तेरा वर्षांपूर्वी सुपारीबागेत जी गोष्ट अर्ज करून मिळाली नव्हती, ती मुंबईतला कामगार गावी निघून जाताच आपसूक मिळाली. ती पाहण्यास लोखंडे राहिले नाहीत.

साथ ओसरली. गावी गेलेल्यांचे दाणे संपले आणि आगबोटी पुन्हा मुंबईकडे भरून येऊ लागल्या. रोज मिळणारी मजुरी बंद झाली. पगार पूर्ववत मागे राहू लागला. जायबंदी कामगारास भरपाई देणारा कायदा १९२३ मध्ये झाला. मजुरी ठराविक तारखेच्या आत दिलीच पाहिजे असा कायदा झाला १९३६ मध्ये, लोखंडे ह्यांच्या निवेदनानंतर ५२ वर्षांनी.